युरियाचं पोतं फोडण्याआधी रोप उपटून बघा : भाजीपाल्यातले सूत्रकृमी आणि नत्राचा हिशेब

बेळगाव तालुक्याच्या भाजीपट्ट्यात हे चित्र दर हंगामात दिसतं. टोमॅटोच्या प्लॉटमधला मधलाच एखादा पट्टा पिवळा पडतो. पावसाने उघडीप दिली की तेवढीच झाडं दुपारी माना टाकतात आणि संध्याकाळी पुन्हा सावरतात. बघणारा प्रत्येकजण एकच सांगतो, नत्र कमी पडलंय, युरिया टाक. युरिया पडतो, पानांवर थोडी हिरवाई येते आणि काही दिवसांत तो पट्टा आणखी रुंद होतो.

त्या पट्ट्याखालच्या मातीत बऱ्याचदा नत्र भरपूर असतं. ते उचलणारं मूळच सूत्रकृमींनी, म्हणजे मुळांवर जगणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक जंतांनी पोखरलेलं असतं. गोंधळ वाढतो तो पुढे. कोणी म्हणतं युरियाने सूत्रकृमी मरतात, कोणी म्हणतं युरियाने वाढतात, आणि दोघांच्याही म्हणण्यात काही तथ्य आहे. नत्र कोणत्या रूपात, किती आणि केव्हा मातीत जातं यावर सगळं ठरतं. भाजीपाल्यात, बटाट्यात, रताळ्यात नव्याने उतरणाऱ्यांनी आमच्यासारखे चाचपडत दिवस काढू नयेत म्हणून हे क्रमाने लिहितोय.

लागणाऱ्या वस्तू साध्या आहेत: कुदळ, खुरपं, बादली, धारदार ब्लेड, दहापट मोठं दाखवणारं भिंग, जाड प्लास्टिक पिशव्या, चार-पाच कुंड्या आणि एक घट्ट झाकणाची काचेची बरणी.

१. आधी मूळ बघा

पिवळ्या पट्ट्याच्या कडेचं, अजून जिवंत असलेलं झाड निवडा. पार वाळलेल्या झाडाची मुळं कुजलेली असतात, त्यातून काही कळत नाही. झाड हाताने ओढू नका. बारीक मुळं तुटून मातीत राहतात आणि सूत्रकृमींनी केलेल्या गाठी नेमक्या त्यांच्यावरच असतात. कुदळीने भोवतालच्या वीतभर मातीसकट झाड उचला, बादलीतल्या पाण्यात थोडा वेळ बुडवून ठेवा आणि माती आपोआप सुटू द्या.

मुळावरची गाठ म्हणजे मूळच फुगलेलं असतं. ती नखाने खरवडून निघत नाही. एक मोठी ताजी गाठ ब्लेडने उभी चिरा आणि भिंगाखाली धरा. आत मोत्यासारखा पांढरा, मोहरीहूनही बारीक ठिपका दिसतो. ती मादी. तिचं तोंड मुळाच्या अन्नवाहिन्यांपाशी रुतलेलं असतं आणि एकदा बसली की ती जागची हलत नाही. गाठीच्या बाहेरच्या अंगाला तपकिरी, चिकट डाग दिसला तर तो अंड्यांचा पुंजका. एकेका पुंजक्यात तीनशे-पाचशे अंडी असू शकतात, आणि उबदार मातीत एक पिढी साधारण महिन्याभरात पुरी होते. टोमॅटोच्या एका हंगामात तीन-चार पिढ्या निघतात त्या अशा.

गाठी मोजून दर्जा लिहून ठेवा. जगभर वापरली जाणारी पट्टी सोपी आहे. एकही गाठ नसेल तर ०, एक-दोन असतील तर १, तीन ते दहा म्हणजे २, अकरा ते तीस म्हणजे ३, एकतीस ते शंभर म्हणजे ४ आणि शंभराच्या वर ५. प्लॉटमध्ये वेगवेगळ्या ठिकाणची दहा झाडं बघून सरासरी काढा. पुढच्या वर्षी उपाय लागू पडला की नाही हे या आकड्यावरूनच कळेल, आठवणीवरून कळत नाही.

इथे एक मोठा चकवा आहे. सोयाबीन, बीन्स, वाटाणा, भुईमूग यांच्या मुळांवर रायझोबियम या हवेतलं नत्र धरणाऱ्या जीवाणूंच्या गाठी असतात आणि त्या उपकारक असतात. त्या मुळाच्या बाजूला चिकटलेल्या असतात, बोटाने सहज सुटतात आणि फोडल्या तर आत गुलाबी दिसतात. त्या पाहून घाबरून औषध ओतू नका. उलट, कडधान्याच्या पिकात सूत्रकृमी शिरले की रायझोबियमच्या गाठी कमी होतात, आणि हवेतलं नत्र धरण्याची पिकाची ताकद घटते. पिवळेपणाचं ते आणखी एक कारण.

रताळ्यावर उभ्या भेगा पडतात, गाजराला फाटे फुटतात, बटाट्याच्या सालीवर चामखिळीसारखे उंचवटे येतात. बाजारात भाव पडतो तो यामुळे.

२. नत्राचं कुठलं रूप सूत्रकृमीला लागतं ते समजून घ्या

युरिया मातीत पडला की मातीतलं युरिएज हे विकर त्याचं अमोनियात रूपांतर करतं. मग नायट्रोसोमोनास जातीचे जीवाणू अमोनियमचं नायट्राइट करतात आणि नायट्रोबॅक्टर त्याचं नायट्रेट करतात. उबदार, वाफशावरच्या जमिनीत हा प्रवास दोन ते चार आठवड्यांत जवळजवळ पुरा होतो.

या साखळीत सूत्रकृमीला मारणारी कडी म्हणजे अमोनिया. तो वायुरूपात पेशीत शिरतो. मातीत मोकळी फिरणारी, मूळ शोधणारी पिलं त्याने मरतात, थोड्या प्रमाणात असला तरी अमोनियमच्या क्षारांपासून ती दूर सरकतात आणि अंडी फुटण्याचं प्रमाण घटतं. नायट्रेटचा असा परिणाम जवळजवळ नसतो. म्हणून ठिबकमधून कॅल्शियम नायट्रेट किंवा १३:०:४५ म्हणजे पोटॅशियम नायट्रेट सोडून सूत्रकृमी आटोक्यात येतील अशी आशा धरू नका. ती खतं पिकाचं पोषण करतात, बस्स.

अमोनिया आणि अमोनियम यांत फरक आहे आणि कुठलं किती असेल ते मातीच्या सामूवर, म्हणजे पीएचवर अवलंबून असतं. सामू ७ असेल तर शंभरातला एक वाटासुद्धा मोकळा अमोनिया नसतो. सामू ८ ला तो पाच टक्क्यांच्या आसपास जातो आणि सव्वानऊला निम्मा होतो. युरियाचा दाणा विरघळतो तिथे आजूबाजूच्या मातीचा सामू काही दिवस चढतो, म्हणून दाण्याजवळ मारा होतो आणि चार बोटांवर काहीच होत नाही. फोकलेल्या युरियाने शेतभर सूत्रकृमी मरत नाहीत त्याचं हे कारण.

आणि मुळाच्या आत बसलेली मादी? तिच्यापर्यंत अमोनिया पोचतच नाही. चिकट आवरणातली अंडीही बरीचशी वाचतात. त्यामुळे नत्राने सूत्रकृमी मारायचे असतील तर वेळ एकच, लागणीच्या आधीची, जेव्हा पिलं मातीत उघडी असतात.

३. युरियाचा हिशेब कागदावर मांडा

सूत्रकृमी ठळकपणे घटण्यासाठी युरियातून हेक्टरी ३०० किलोच्या वर नत्र एकदम द्यावं लागतं, असा अभ्यास आहे. आता एकरात आणा. ३०० किलो म्हणजे एकरी सुमारे १२० किलो नत्र. युरियात नत्र ४६ टक्के. म्हणजे २६० किलोच्या वर युरिया, ४५ किलोची जवळपास सहा पोती, एका दमात. एवढा युरिया लागणीच्या वेळी पडला तर रोपं जळतील. जी वाचतील ती नुसती पानं काढतील, आणि उरलेलं नत्र नायट्रेट होऊन पहिल्या जोरदार पावसात विहिरीच्या पाण्यात उतरेल. खानापूरच्या बाजूला पाऊस किती पडतो ते वेगळं सांगायला नको.

आणि आपण प्रत्यक्षात देतो किती? उभ्या पिकात एक-दोन पोती, तीही हप्त्यांनी. म्हणजे सूत्रकृमी मरायला अपुरं आणि कोवळी, लुसलुशीत मुळं फुटायला पुरेसं. त्या मुळांवर पुढची पिढी पोसली जाते. युरियाने सूत्रकृमी वाढले असं जे म्हटलं जातं ते यामुळे.

निंबोळी तेलाचा लेप असलेल्या युरियाबद्दलही इथेच सांगतो. २०१५ पासून देशातल्या सगळ्या युरियाला हा लेप सक्तीचा आहे. त्याने नत्र काही काळ जास्त अमोनियम रूपात टिकतं, वाया कमी जातं, हे खरं. पण लेपातलं तेल इतकं नाममात्र असतं की त्याने सूत्रकृमी मरत नाहीत. दुकानात कोणी तसं सांगून जादा पोती गळ्यात मारत असेल तर घेऊ नका.

४. तुमची जमीन कुठल्या बाजूची आहे?

आपला जिल्हा या बाबतीत दोन तुकड्यांत वाटलेला आहे. पश्चिमेला, खानापूर आणि बेळगावच्या घाटाकडच्या पट्ट्यात, तांबडी-जांभी, बहुतेक आम्लधर्मी जमीन. पूर्वेला अथणी, रायबाग, गोकाककडे काळी, चुनखडीची, सामू आठच्या पुढे जाणारी.

काळ्या जमिनीत अमोनिया लवकर मोकळा होतो. म्हणजे पेंड आणि कोंबडीखताचा मारा चांगला मिळतो, पण वरच्या वर टाकलं तर तोच अमोनिया हवेत उडून जातो. खत टाकल्या दिवशीच कुळवाने मातीआड करा आणि हलकं पाणी द्या. तांबड्या जमिनीत अमोनियाचा जोर कमी राहतो. काही आम्लधर्मी, हलक्या जमिनींत नायट्राइटपासून नायट्रस आम्ल तयार होऊन त्याचा मारा होतो, मात्र तो प्रत्येक शेतात मिळेल असं धरून चालू नये. दुसऱ्या बाजूने, अशा हलक्या, रेताड जमिनीत सूत्रकृमी फिरतातही मोकळेपणाने. तिथे नुसत्या नत्रावर विसंबू नका, पुढच्या पायऱ्यांतले बाकीचे उपाय जोडीला हवेतच.

५. नमुना आणि कागदपत्रं

आधी हे लक्षात घ्या की मृदा आरोग्य पत्रिकेत सूत्रकृमींची तपासणी नसते. तिथे सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब आणि अन्नद्रव्यं मिळून बारा बाबी तपासतात. ती पत्रिका सामू कळायला उपयोगी आहे, पण ‘माझी माती तपासलेली आहे’ म्हणून निर्धास्त होऊ नका.

सूत्रकृमीसाठीचा नमुना वेगळ्या पद्धतीने घ्यायचा. मुळांच्या कक्षेतून पंधरा-वीस सेंटिमीटर खोलीवरची ओलसर माती, आठ-दहा ठिकाणची, एकत्र करून पाव किलो. सोबत मूठभर बारीक मुळं. चिखल असताना किंवा माती फुफाटा झालेली असताना घेऊ नका. माती-परीक्षणासाठी आपण नमुना सावलीत वाळवतो, इथे वाळवलात तर सगळं गेलं. सूत्रकृमी जिवंत पोचले पाहिजेत. पिशवी बांधून सावलीत ठेवा, दुचाकीच्या डिकीत उन्हात तासन्‌तास ठेवू नका आणि दुसऱ्या दिवसापर्यंत पोचवा. पिशवीवर गाव, सर्व्हे नंबर, आताचं पीक, आधीचं पीक आणि तारीख लिहा.

न्यायचं कुठे? आपल्या जिल्ह्यात बैलहोंगल तालुक्यात मत्तिकोप्पला आणि गोकाककडे तुक्कानट्टीला कृषी विज्ञान केंद्रं आहेत. अरभावीला उद्यानविद्या महाविद्यालय आहे. धारवाडचं कृषी विज्ञान विद्यापीठही फार लांब नाही. निघण्याआधी फोन करून सूत्रकृमीची तपासणी सध्या होते का आणि नमुना कोणत्या वारी घेतात ते विचारा. चिठ्ठीवर कन्नडमध्ये ‘बेरु गंटु’ लिहून घेतलंत तर खिडकीवर लगेच समजतं.

सवलतीतलं जैविक औषध किंवा पेंड होबळीच्या (तालुक्याखालच्या महसुली विभागाच्या) रयत संपर्क केंद्रातून घ्यायची असेल तर आधार, जमिनीचा उतारा म्हणजे आर.टी.सी., बँक पासबुकाची प्रत आणि ‘फ्रूट्स’ या सरकारी शेतकरी-नोंदणीचा क्रमांक जवळ ठेवा. उताऱ्यावर वडिलांचं किंवा आजोबांचं नाव असेल आणि शेती तुम्ही करत असाल, तर काम तिथेच अडतं. नोंद आधीच करून घ्या, हंगामाच्या तोंडावर धावपळ नको.

अहवाल हातात आला की एकूण सूत्रकृमींचा आकडा बघून हबकू नका. मातीत जीवाणू खाणारे, बुरशी खाणारे, दुसऱ्या सूत्रकृमींवर जगणारे असे कितीतरी निरुपद्रवी सूत्रकृमी असतात. जीवाणू खाणारे तर पिकाच्या बाजूचे आहेत. जीवाणूंमधलं जास्तीचं नत्र ते अमोनियमच्या रूपात बाहेर टाकतात आणि ते मुळांना मिळतं. शेणखत घातल्यावर यांची संख्या वाढते, ते चांगलंच. आपल्याला बघायची ती मुळांवर जगणाऱ्यांची नावं: मेलॉयडोगायने म्हणजे गाठीवाला, प्रॅटिलेंकस म्हणजे मुळावर काळपट व्रण करणारा. वारंवार भारी रासायनिक नत्र दिलं की शिकारी सूत्रकृमी आधी कमी होतात, हाही त्याचा एक तोटा.

६. तपासणी जमत नसेल तर कुंडी लावा

मला स्वतःला ही पायरी सगळ्यांत भरवशाची वाटते. शंकेच्या जागची ओली माती तीन कुंड्यांत भरा. चौथ्या कुंडीत तीच माती लोखंडी कढईत चांगली तापवून, गार करून घाला, ती तुलनेसाठी. प्रत्येक कुंडीत स्वच्छ ट्रेमधलं टोमॅटोचं रोप लावा, जात साधी असू द्या, सूत्रकृमी-प्रतिकारक नको. पाच आठवड्यांनी मुळं धुऊन गाठी मोजा. सूत्रकृमी डोळ्यांना दिसत नाहीत, पण रोप त्यांची मोजणी करून देतं.

हीच कुंडी पेंडीची मात्रा ठरवायलाही वापरता येते. एका कुंडीत निंबोळी पेंड, एकीत कोंबडीखत, एकीत काही नाही. तीन आठवडे ओलसर ठेवा, मग रोप लावा. तुमच्या मातीत काय लागू पडतं ते शेतात पैसा घालण्याआधी कळतं.

७. लागणीआधी काय, किती

नत्र २ ते ७ टक्के असलेली पेंड किंवा पक्ष्यांचं खत हेक्टरी ४ ते १० टन दिलं तर सूत्रकृमी दबतात, असं दिसून आलेलं आहे. निंबोळी पेंडीत नत्र पाच टक्क्यांच्या आसपास, एरंडी आणि करंज पेंडीत चारेक टक्के, शेंगपेंडीत सातेक टक्के, चांगल्या कोंबडीखतात दोन-तीन टक्के. या पदार्थांतली प्रथिनं हळूहळू कुजतात आणि अमोनिया थोडा थोडा, पण बरेच दिवस सुटत राहतो. सोबत अंडी खाणाऱ्या बुरशींनाही खाद्य मिळतं. युरियाने एकदम भडका उडतो, पेंडीने तसं होत नाही.

पण हेक्टरी ४ टन म्हणजे एकरी १६०० किलो पेंड. कोणाला परवडणार? तोडगा असा की सगळ्या शेतात पसरू नका. सऱ्या चार फुटांवर असतील तर लागणीच्या ओळीत फूटभर रुंदीच्या पट्ट्यातच पेंड घाला. जागा चौथ्या हिश्शावर येते आणि ४०० किलोत ओळीतल्या मातीला तोच जोर मिळतो. मूळ पहिले चाळीस-पन्नास दिवस त्या पट्ट्यात सुरक्षित वाढलं की पीक बहुतेक हाती लागतं. नंतर शिरलेले सूत्रकृमी तितकं नुकसान करत नाहीत.

गादीवाफ्यावर चौरस मीटरला ४०० ग्रॅम ते १ किलो निंबोळी पेंड घाला. पैसे कमी असतील तर फक्त इथे घाला, बाकी सगळं सोडा. गाठी असलेलं रोप शेतात गेलं की वर्षानुवर्षं निस्तरावं लागतं. रोप विकत घेत असाल तर ट्रेमधलं एक रोप दुकानदारासमोरच धुऊन बघा.

पेंड किंवा कोंबडीखत घातल्यावर दोन ते तीन आठवडे थांबा. मातीला अमोनियाचा वास येत असेल तर रोप लावू नका. खात्रीसाठी बरणीची युक्ती: ओळीतली ओली माती बरणीत अर्ध्यापर्यंत भरा, वर ओल्या कापसावर मेथीचे दाणे ठेवा आणि झाकण घट्ट लावा. दोन-तीन दिवसांत दाणे नीट उगवले तर लागण करा. नाही उगवले तर आणखी आठवडा जाऊ द्या.

एप्रिल-मेमध्ये रान मोकळं असेल तर कोंबडीखत घालून, पाणी देऊन, वर २५ मायक्रॉनचा पारदर्शक प्लास्टिक कागद चार ते सहा आठवडे अंथरा, कडा मातीत गाडा. ऊन आणि कोंडलेला अमोनिया दोन्ही मिळून काम करतात. मल्चिंगचा काळा कागद यासाठी चालत नाही. वळीव आला तरी कागद काढू नका, रोहिणी संपता संपता काढलात तर मृगाच्या लागणीला रान तयार.

भाताचा तूस, उसाचं पाचट, लाकडाचा भुसा यांत कर्ब फार आणि नत्र नगण्य. ते कुजताना मातीतलंच नत्र ओढून घेतात, पीक पिवळं पडतं आणि सूत्रकृमींना काहीच होत नाही. कर्ब-नत्र गुणोत्तर वीसच्या आत असलेले पदार्थच इथे कामाचे. पोल्ट्रीतून आणलेल्या खतात तुसाचं प्रमाण किती आहे ते म्हणून हातात घेऊन बघा.

पेंडीतलं नत्र खताच्या हिशेबात धरा. ४०० किलो निंबोळी पेंडीत साधारण २० किलो नत्र येतं, एका युरियाच्या पोत्याइतकं. तेवढं पहिल्या हप्त्यातून कमी करा. एरंडीची पेंड जनावरांना विषारी असते, पोतं गोठ्यात ठेवू नका.

८. उभ्या पिकात गाठी सापडल्या तर

नत्राचा मोठा डोस बंद. ठिबकमधून अमोनियम सल्फेटचा मारा करण्याचा सल्लाही ऐकू नका. आतली मादी मरत नाही, आणि जास्तीचं अमोनियम टोमॅटोला कॅल्शियम उचलू देत नाही, मग फळाचं बूड काळं पडतं. नत्र लहान हप्त्यांत द्या. मुळं काम करत नसल्याने लिटरला ५ ग्रॅम युरियाची फवारणी संध्याकाळी घेता येते. खोडाला भर द्या, म्हणजे वर नवी मुळं फुटतात. पर्प्युरिओसिलियम लिलॅसिनम ही अंड्यांवर जगणारी बुरशी कुजलेल्या शेणखतात वाढवून मुळांशी घाला आणि त्याच आठवड्यात बुरशीनाशकाची आळवणी करू नका. रासायनिक सूत्रकृमीनाशक घ्यायचंच असेल तर लेबलवर तुमच्या पिकाचं नाव आणि काढणीपूर्वीचे दिवस वाचूनच घ्या. फोरेट या जुन्या दाणेदार औषधावर बंदी आहे, कोणी जुना साठा देत असेल तर परत करा.

९. काढणीनंतर लगेच

शेवटचा तोडा झाला की झाडं उभी ठेवू नका. जिवंत मुळांवर आणखी एक पिढी निघते. मुळांसकट उपटा, उन्हात वाळवा आणि जाळा. शेणखताच्या खड्ड्यात तर मुळीच टाकू नका. पॉवर टिलर भाड्याने आणला असेल तर रानात घालण्याआधी फाळ धुऊन घ्या. पुढच्या पिकात वांगी, मिरची, भेंडी, काकडी नको. ताग पेरून फुलोऱ्यात गाडा, किंवा झेंडू घ्या, किंवा तीळ. ज्यांच्याकडे पाणथळ भातखाचर आहे त्यांनी एक हंगाम भात घ्यावा, साचलेल्या पाण्यात गाठीवाल्या सूत्रकृमीची संख्या घटते. मात्र भाताच्या मुळांच्या टोकांना आकड्यासारख्या वळलेल्या गाठी दिसल्या तर तो भातावरचा दुसरा सूत्रकृमी आहे, तेव्हा पीक बदला.

मार्चअखेर त्याच रानातली माती घेऊन पुन्हा कुंड्या लावा, म्हणजे मेपर्यंत गाठींचा आकडा हातात येतो आणि पेंड किती आणायची ते ठरवता येतं.